लोकरी सपाता

१२ ऑक्टोबर, रविवार

लिदिया,

काल, शनिवार, ११ ऑक्टोबर रोजी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, संगीत शाळेच्या सभागृहात, दोनशे माणसांच्या समोर ग्राझिना ओलेखचं नाव गाळलं गेलं. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेतली. चाळीस वर्षं न्यायालयाच्या आवक खिडकीवर बसलेल्या बाईकडून वेळेची चूक होत नाही.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. तुझ्या रोझाच्या मातीच्या दिवसापासून, म्हणजे दीड वर्ष, तू मला एक ओळ पाठवलेली नाहीस. नॉर्वेतल्या माशांच्या कारखान्यात कागद मिळत नसेल असं मी मानून चालते.

काय झालं ते सांगते. बऱ्या न होणाऱ्या मुलांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या नर्सेसना दर वर्षी 'पांढरा कंदील' नावाचा पुरस्कार देतात. आपल्या ग्राझिनाचं नाव मी सुचवलं होतं. अकरा पानांचा अर्ज मी हातानं भरला. बावीस वर्षांची नोकरी, पंचाहत्तर मुलं, चिखलातून अडकत जाणारी ती खटारा गाडी, सगळं लिहिलं. रोझाला दुखायला लागलं की मॉर्फिनचा थेंब जिभेवर टाकायच्या आधी ती रोझालाच विचारायची, "आत्ता देऊ, की गोष्ट संपल्यावर?" हेही लिहिलं. आणि आपल्या जोड्यांच्या फडताळाखाली ती स्वतःच्या करड्या लोकरी सपाता ठेवायची, पाहुण्यांच्या सपाता कधी घालायची नाही, हेसुद्धा. का लिहिलं ते ठाऊक नाही. अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

अंतिम फेरीत सहा नर्सेस होत्या. छापील पत्रिकेवर सहा नावं होती, तिचं सहावं. सूत्रसंचालक म्हणून खूप दात असलेला एक माणूस आणला होता. त्यानं एकेक नाव वाचलं, एकेक बाई उठली, टाळ्या पडल्या. पाचवं झालं. ग्राझिना उठायला लागली. तिनं निळा सूट घातला होता, गळ्याशी पोवळ्याचा ब्रोच. ती अर्धी उठली होती, लिदिया, गुडघे अजून वाकलेले, आणि तो माणूस म्हणाला, "आणि आता या पाच असामान्य स्त्रियांमधून..."

ती तशीच खाली बसली. स्कर्टची घडी नीट करायला उठले होते असं दाखवत तिनं घडी नीट केली.

नंतर बाहेर खसखशीचा केक होता. मी त्या दातवाल्याला गाठलं.

"तुम्हाला सहापर्यंत मोजता येतं का?" मी विचारलं.

"बाई, माझ्या कागदावर तिथं पेनानं काट मारली होती," तो म्हणाला. "मी फक्त वाचतो."

"वाचता तेवढंच दिसतंय."

ग्राझिनानं माझी बाही ओढली. "होनोराताबाई, केक घ्या. बरा आहे. आणि त्या बिचाऱ्याला सोडा, त्याचा घास अडकेल."

त्या संस्थेचं आणि माझं आता जुंपणार आहे. तुझ्याकडून मला एवढंच हवंय: आई या नात्यानं ग्राझिनाविषयी दहा ओळी लिही. नियमात आईवडिलांच्या पत्राला वजन आहे, आजीच्या नाही. मी तिच्याशी कायम गोड वागले नाही, ते तू पाहिलंयस. सगळं पाहिलेलं नाहीस, पण ते असू दे.

आई


२३ ऑक्टोबर, गुरुवार

लिदिया,

तुझं उत्तर नाही. मी थांबलेले नाही.

मंगळवारी सकाळी दहाला मी संस्थेच्या कार्यालयात गेले. नाव सुचवणाऱ्याला कारण समजून घ्यायचा हक्क आहे, नियम सतरा. चिटणीस म्हणून एक पोरगी बसली होती, नखांवर फुलं काढलेली. "आजी, बसा ना," म्हणाली.

"मी तुझी आजी नाही. आणि उभ्यानं मला जास्त चांगलं वाचता येतं."

तिनं फाईल काढली. नाव वगळलं गेलं ते शुक्रवारी संध्याकाळी, समारंभाच्या आदल्या दिवशी. अंतिम फेरीतल्या नर्सेस ज्या हॉस्पिसच्या नोकरीत असतात तिथली त्यांची नोंद शेवटी मागवतात. ती उशिरा आली, आणि तिच्यात दोन कागद निघाले. पत्रिका तोवर छापून झाली होती. ग्राझिनाला कळवायचं कुणाला सुचलं नाही.

"दोन कागदांसाठी बावीस वर्षं?" मी विचारलं.

"एका कागदानं काही होत नाही," ती म्हणाली. "सगळ्यांविरुद्ध एखादी तक्रार असते. पण दुसरा आईचा आहे. शेवटच्या दिवसांत नर्सनं मुलाला सोडून दिलं असं आईनंच लिहिलं असेल, तर आम्ही कंदील कसा देणार?"

पहिल्या कागदाशी तुला काही कर्तव्य नाही. दुसरा तुझा. मूल गेल्यावर हॉस्पिस जो अभिप्राय मागवतं तो. तुझं अक्षर मी पाहिलं. निळी शाई, रेघ सोडून चाललेली. 'ज्या नर्सवर आमचा सगळा भरवसा होता ती शेवटचे तीन आठवडे एकदाही आली नाही. माझी मुलगी रोज वाट पाहत होती. मग तिच्या सपाताही नाहीशा झाल्या. वर येऊन भेटायचं धाडस न करता ती त्या घेऊन गेली.'

मी ते उभ्यानंच वाचलं आणि मग खुर्ची मागितली.

हे तू का लिहिलंस ते मी विचारत नाही. हे मागे घे, एवढं सांगते. अभिप्रायात दुरुस्ती करता येते, सहीनिशी, आईच्याच. तसं झालं तर तिचं नाव सन्मानाच्या यादीत परत घालतील आणि हॉस्पिसच्या नोंदीतून 'रुग्णाला सोडलं' हे शब्द जातील. ग्राझिना डिसेंबरमध्ये निवृत्त होते आहे. हे शब्द पाठीवर घेऊन ती घरी जाणार. मुदत आहे २८ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी तीन.

पुरस्कार मिळाला त्या बाईला मिळू दे. शेजारच्या जिल्ह्यातली आहे, चाळीस किलोमीटर बर्फातून चालत गेल्याचं कुणीतरी सांगितलं. त्यातले तीस किलोमीटर खोटे असले तरी उरलेले दहा पुष्कळ झाले. माझं तिच्याशी भांडण नाही.

तू एवढंच लिही की तुझा गैरसमज झाला होता. ती येऊ शकत नव्हती. कारण लिहायची गरज नाही.

आई


२ नोव्हेंबर, रविवार, मृतांचा दिवस

लिदिया,

तुझं कार्ड बुधवारी आलं. पुढे जहाज, मागे तीन ओळी. 'ती आली नाही. मी तिथं होते, मी वाट पाहिली. खोटं लिहिणार नाही, तुझ्यासाठी तर नाहीच.' दीड वर्षात आलेलं तुझं पहिलं अक्षर. मी ते पिठाच्या डब्याशेजारी उभं करून ठेवलं आहे. चिकाटी तू माझ्याकडून घेतलीस, मग तक्रार कुणाकडे करू?

काल आम्ही सगळे कबरस्तानात होतो. तू नव्हतीस, म्हणून सांगते. रोझाचा दगड धुतला, शेवंतीच्या दोन कुंड्या ठेवल्या, पांढऱ्या, आणि चार दिवे. पण मी पोचले तेव्हा तिथं एक दिवा आधीच जळत होता. लाल, छोटा, स्वस्तातला. गेल्या वर्षीही होता. मला वाटलं होतं शाळेतून कुणी ठेवला असेल.

ती दोन रांगा पलीकडे होती. ग्राझिना. हातात बाजाराची पिशवी, पिशवीत किणकिणणारे दिवे. ती तिच्या सगळ्या मुलांकडे जाते, लिदिया. या कबरस्तानातल्या एकोणीस जणांकडे, मग बसनं बाकीच्या गावांना. सकाळी सातला निघते, अंधार पडेपर्यंत पुरं होत नाही, म्हणून उरलेली आज.

"होनोराताबाई," ती म्हणाली, "संस्थेच्या पायऱ्या झिजवताय असं ऐकलं. सोडा ना आता. कंदील मिळून मी ठेवणार कुठं? खिडकीत माझी निवडुंगं आहेत."

"निवडुंगं हलवता येतात."

"तुम्ही हलवून पाहा. मला चावतात ती."

मग ती हसायची थांबली. हातमोजा काढला, परत घातला.

"एकच विचारू का?" ती म्हणाली. "पुरस्काराचं नाही. त्या शेवटच्या रविवारी... रोझानं माझी आठवण काढली होती का?"

लिदिया, तुझ्या आईला शब्द नेहमी सापडतात. कालही सापडले, आणि वाईट सापडले. मी म्हणाले, "ती झोपलेली होती."

"बरं झालं," ग्राझिना म्हणाली. "झोपली होती ते बरं झालं." आणि पिशवी उचलून ती पुढच्या रांगेत गेली. ते मूल कुणाचं होतं ते मला माहीत नाही.

आज प्रार्थनेला मी गेले नाही. सहा वर्षांची असल्यापासून मृतांच्या दिवशी न जायची ही पहिली वेळ. शाळेतल्या सिस्टर सालोमेया असत्या तर कारण लेखी मागितलं असतं. म्हणून तुला लेखी देते. निदान अर्धं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तू औषधाच्या दुकानात गेली होतीस. मी स्वयंपाकघरात, दार थोडं उघडं. ग्राझिना रोझाला मेमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा पांढरा झगा अंगाला लावून दाखवत होती. मी शिवलेला. बाह्या मी दोन बोटं लांब ठेवल्या होत्या.

"आजीनं लांब केल्यात," रोझा म्हणाली. "मेपर्यंत मी वाढेन म्हणून. वाढेन का, मावशी?"

ग्राझिना म्हणाली, "मला वाटतं आपण मेपर्यंत थांबू नये. फादरना विचारून लवकर करू या?"

"म्हणजे मेमध्ये मी नसेन?"

"मला नक्की ठाऊक नाही, राणी. पण बहुतेक नसशील."

रोझानं झग्याची बाही हाताला लावून पाहिली. मग म्हणाली, "मग बाह्या आखूड करा ना. नाहीतर हात दिसणार नाहीत."

मी बाह्या आखूड केल्या नाहीत. मी टेबलाशी बसले आणि हॉस्पिसला पत्र लिहिलं. सुरुवात अशी: 'गुरुवार, १५ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी.' सुंदर अक्षरात. एका नर्सनं आठ वर्षांच्या मुलीची आशा हिरावून घेतली, तिला या घरातून ताबडतोब काढा, लेखी उत्तर द्या. उत्तर चार दिवसांत आलं. चौकशी पुरी होईपर्यंत ओलेखबाईंना तुमच्या घरी यायला मनाई. त्यांच्याऐवजी आलेल्या मुलीला रोझा 'बाई' म्हणायची. मावशी कधीच म्हणाली नाही.

तो पहिला कागद. माझा.

ती आली नाही, कारण मी तिला बंदी घातली. तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले होते, "असतील तिला दुसरी घरं." हे आता तुला कळलं, तर तू ते दुरुस्तीपत्र लिहू शकशील ना? कारण लिहायची गरज नाही असं मी म्हणाले होते. लिही. माझं नाव घालून लिही.

आई


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिदिया,

बारा दिवस काही नाही. कार्डही नाही. तुझ्या गप्प राहण्याचा मला आता राग येत नाही, हे नवीन आहे.

सोमवारी मी माझी तक्रार मागे घेतली. चिटणीस पोरीनं शिक्का मारला, तारीख घातली, वेळ घातली. मी म्हणाले, "आता दुसराही कागद काढ. तो माझ्यामुळे लिहिला गेला. मी शपथेवर सांगते."

"आजी, तो आईचा कागद आहे. तुम्ही शपथेवर तुमचं सांगू शकता, तिचं नाही."

"नियमात थोडी फट नसते का गं?"

"तुम्हीच सांगा. तुम्ही कोर्टात होतात."

मी चाळीस वर्षं त्या खिडकीत बसले. तीन वाजून एक मिनिटानं आलेला कागद मी कधी घेतला नाही. रडणारी माणसं यायची. एकदा एक बाई गुडघ्यावर बसली होती. मी खिडकी लावायचे, आणि नियम सगळ्यांना सारखा असतो या विचारानं मला घरी शांत झोप लागायची. त्या पोरीनं मला चहा दिला. मी कधी कुणाला दिला नव्हता.

नियमाप्रमाणे फक्त तू. आणि तू लिहिणार नाहीस, कारण तुझ्या दृष्टीनं एक गोष्ट उरतेच: बंदी असली तरी मनात असतं तर ती एकदा आली असती. आणि सपाता. सपाता कुणी नेल्या?

मी हे पत्र तीनदा फाडलं. आता चौथ्यांदा.

रविवार, १० मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तू आतल्या खोलीत रोझाजवळ होतीस. आदल्या दिवशी फादर येऊन गेले होते, तिनं झोपायच्या कपड्यांतच प्रसाद घेतला होता आणि झगा कपाटाच्या दाराला टांगलेला होता. घंटा वाजली. मी उघडलं.

ग्राझिना उभी होती. गणवेश नाही, चर्चला घालायचा कोट. हातात काही नाही, औषधाची बॅगसुद्धा नाही.

"मी कामावर आलेले नाही," ती म्हणाली. हळू बोलत होती. "ओळखीची म्हणून आलेय. पाच मिनिटं. हॉस्पिसला कळलं तर माझं मी बघेन."

"तुम्हाला मनाई आहे," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. होनोराताबाई, तक्रार बरोबर होती का चूक ते नंतर भांडू. मी हवं तर माफी मागते. फक्त तिला दिसू दे मी."

"लेखी परवानगी आणा."

"आज रविवार आहे, बाई."

"मग उद्या आणा."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मोजत असल्यासारखी. उद्या आहे का, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मग तिची नजर खाली गेली, फडताळाखाली, तिच्या सपातांवर. त्या तिथंच होत्या. रोझा रोज विचारायची ना, "सपाता आहेत का अजून?" आणि तू सांगायचीस, "आहेत." आणि ती म्हणायची, "मग येणार ती. सपाता टाकून कोण जातं?"

मी वाकले, सपाता उचलल्या आणि तिच्या हातात दिल्या. दारातून, उंबऱ्यावरून. उंबऱ्यावरून आपण हातसुद्धा मिळवत नाही कुणाशी, अपशकुन असतो. ते मला सुचलं नाही, किंवा सुचलं म्हणूनच केलं. आता मला स्वतःचं सांगता येत नाही. तिनं त्या घेतल्या. छातीशी धरल्या, एखादं मांजर धरावं तशा. आणि मी दार लावलं.

आतून तू ओरडलीस, "आई, कोण आहे?"

मी म्हणाले, "कुणी नाही. दार चुकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रोझा गेली. बाह्या खांद्याशी दोन बोटं दुमडून, टाके घालून, तो झगा तिला घातला तो मी नाही, बदली आलेल्या मुलीनं घातला. तू जोड्यांच्या फडताळाशी उभी राहून म्हणालीस, "सपाता कुठे गेल्या?" मी म्हणाले, "नेल्या असतील तिनं." या तीन शब्दांत खोटं काही नव्हतं. असं लिहायला मी न्यायालयात शिकले.

ती आली होती, लिदिया. तुझा कागद चुकीचा आहे, आणि तो तू लिहिलेला नाहीस, मी लिहिला आहे, तुझ्या हातानं.

ग्राझिनानं हे कुणालाही सांगितलं नाही. हॉस्पिसला नाही, तुला नाही. काल मी तिच्या घरी गेले, विचारायला, की का नाही सांगितलंत. दार तिनं लगेच उघडलं. मला घालायला पाहुण्यांच्या सपाता दिल्या. खिडकीत निवडुंगं आहेत, ते खरं आहे. आणि खाटेखाली त्या करड्या.

"सांगून काय झालं असतं?" ती म्हणाली. "मुलगी गेली होती. तिच्या आईची आई पण काढून घेऊ?"

मी म्हणाले, "मग आता मीच काढून घेते."

"नका. म्हाताऱ्या झालात तरी हट्ट सुटत नाही तुमचा." आणि मग, चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता, "ती खरंच झोपली होती का हो?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. ते खरं आहे. मी दाराशी होते. आत तू होतीस. तू 'कोण आहे' असं ओरडलीस ते तुला स्वतःला कळायला हवं होतं म्हणून, की रोझानं डोळे उघडून तुला विचारायला लावलं होतं म्हणून, हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. घंटा वाजल्यावर तिनं कुणाचं नाव घेतलं का? दीड वर्ष एक बाई पंचाहत्तर मुलांच्या कबरींवर दिवे लावत हा प्रश्न घेऊन हिंडते आहे. आणि मीही, दिवे न लावता.

उत्तर काय येईल याची मला भीती वाटते. ते माझ्यासाठी बदलू नकोस.

सोबत दोन कोरे कागद आणि पत्ते घातलेली दोन पाकिटं आहेत. एक संस्थेसाठी: ती आली होती आणि तिला दारातून परत पाठवलं, एवढं, तुझ्या सहीनं. दुसरं ग्राझिनासाठी: रोझा काय म्हणाली. तिकिटं तिकडची लाव. माझ्यासाठी कागद ठेवलेला नाही, शोधू नकोस. फोनही करू नकोस. मी बोलत सुटेन आणि तू पुन्हा गप्प होशील.

हे पत्र जलद नोंदणीनं येतं आहे, तुझी सही घेऊन मगच पोस्टमन देईल. दोन्ही उत्तरं लेखी हवीत. शुक्रवार, २८ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजण्याच्या आत.

होनोराता